एका डॉलरचं खरेदीखत

एप्रिल १९५३. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात हूकर केमिकल नावाच्या कंपनीनं आपली १६ एकर जमीन तिथल्या शाळा मंडळाला विकली. किंमत १ डॉलर. खरेदीखतात एक कलम होतं. त्याचा मतलब असा, की या जमिनीत रासायनिक कारखान्याचा टाकाऊ माल भरलेला आहे आणि त्यापासून पुढे कुणाला इजा झाली तर कंपनी जबाबदार नाही.

म्हणजे धोक्याची सूचना कागदावर होती, आणि सही करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरीही १९५५ मध्ये तिथे शाळा सुरू झाली. बांधकाम चालू असताना रसायनांची पिंपं सापडली, तेव्हा काय केलं, तर इमारत थोडी बाजूला सरकवली! आजूबाजूला घरं उठली. ती घरं विकत घेणाऱ्यांपर्यंत ते कलम काही पोचलं नाही.

ही जागा म्हणजेच लव्ह कॅनाल. नाव रोमँटिक वाटतं, पण ते विल्यम लव्ह या गृहस्थाचं आडनाव आहे. त्यानं १८९० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी कालवा खणायला घेतला आणि पैसे संपल्यावर अर्धवट सोडून दिला. तयार खड्डा मिळाला म्हणून हूकर कंपनीनं १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रसायनं ओतली आणि वर माती लोटली.

आज दूषित जमीन तपासणं आणि साफ करणं हा एक रीतसर पेशा आहे. त्याचे ठरलेल्या तासांचे वर्ग असतात, दरवर्षी उजळणी असते. हा पेशा आला कुठून हे शोधायला लागलं, की माणूस फिरून फिरून या खरेदीखतापाशी येतो. माझ्या मते गोष्टीचं सार एवढंच आहे: माहिती होती, पण ती वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं.

तर पुढे झालं असं, की १९७० च्या दशकात पाऊस आणि बर्फ जास्त पडलं, जमिनीतलं पाणी वर आलं आणि लोकांच्या तळघरांत काळपट चिकट द्रव झिरपू लागला. नायगारा गॅझेट या स्थानिक दैनिकात मायकेल ब्राउन या पत्रकारानं हे प्रकरण लावून धरलं. ते वाचून लोइस गिब्ज ही गृहिणी हादरली, कारण तिचा आजारी मुलगा त्याच शाळेत जात होता. तिनं दारोदार फिरून कुणाला काय आजार आहे ते लिहून घेतलं आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा विखुरलेल्या नव्हत्या. पूर्वी त्या भागातून पाणी वाहून नेणारे ओहोळ होते, घरं बांधताना ते बुजवले होते. आजारांच्या खुणा त्याच बुजलेल्या ओहोळांच्या रेषेत येत होत्या. बेव्हर्ली पेगन या संशोधिकेनं तिला ही माहिती नीट मांडायला मदत केली.

सरकारी खात्यानं आधी ही गृहिणींनी गोळा केलेली माहिती म्हणून उडवून लावली. २ ऑगस्ट १९७८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली होती, पण ती कालव्याला लागून असलेल्या घरांपुरती. फेब्रुवारी १९७९ मध्ये मात्र पलीकडच्या गल्ल्यांतल्या गरोदर बायकांना आणि २ वर्षांखालच्या मुलांनाही हलायला सांगावं लागलं.

आता गंमत बघा. गिब्जबाईंनी जे केलं, तेच आज या पेशाच्या वर्गात शिकवतात. तीन प्रश्न असतात. विष आहे कुठे? ते कुठल्या वाटेनं सरकतं? आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे? पाणी, हवा, माती, भाजीपाला, काहीही वाट असू शकते. आपण बग शोधताना डेटा कुठून आला, कुठून गेला आणि कुठे फुटला हे बघतो, अगदी तसंच. तिन्हींपैकी एक कडी तोडली की धोका टळतो. म्हणूनच ‘साफ करणं’ याचा अर्थ दर वेळी विष उचलून नेणं असा नसतो. लव्ह कॅनालमधली रसायनं आजही बहुतांशी तिथेच आहेत. वर चिकणमातीचं झाकण आहे, भोवती कुंपण आहे आणि झिरपणारं पाणी गोळा करून शुद्ध करतात. तरीही २००४ मध्ये ती जागा देशातल्या सर्वांत धोकादायक जागांच्या यादीतून काढली गेली. वाट तोडली, म्हणून.

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेनं ‘सुपरफंड’ नावाचा कायदा केला. विष पेरणाऱ्याकडूनच खर्च वसूल करायचा, आणि तो सापडला नाही तर रसायन व तेल कंपन्यांवरच्या करातून उभारलेला निधी वापरायचा. पैशांची सोय झाली. पण प्रत्यक्ष खड्ड्यात उतरायचं कुणी? त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात टाकाऊ रसायनांच्या साठ्याला आग लागली होती. हजारो पिंपं पेटली, अनेक फुटून हवेत उडाली. विझवायला गेलेल्या जवानांना कशाशी गाठ आहे याचा पत्ता नव्हता. निधी आला म्हणून अशा जागी मजूर पाठवायचे, तर त्यांचंही तेच होणार.

यावर पहिलं नीट पाऊल म्हणजे १९८५ ची पुस्तिका. चार सरकारी संस्थांनी मिळून, अशा जागी काम कसं करायचं ते लिहून काढलं. मग १९८६ मध्ये सुपरफंड कायदा सुधारला गेला, आणि इथे आपला संबंध येतो. या दुरुस्तीचा एक मोठा भाग भोपाळमुळे आला होता. कारखान्यात कुठली घातक रसायनं आहेत ते आजूबाजूच्या लोकांना कळलंच पाहिजे, ही तरतूद डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीची देणगी. त्याच कायद्याच्या १२६ व्या कलमानं सांगितलं, की सफाई करणाऱ्या कामगारांच्या संरक्षणाचे नियम बनवा. कामगार सुरक्षा खात्यानं ते बनवले. मार्च १९८९ मध्ये अंतिम नियम आला आणि मार्च १९९० पासून लागू झाला. त्याचं लाडकं नाव हॅझवोपर.

नियम सरळ आहे. दूषित जागेवर नेहमी काम करणाऱ्याला आधी जागेबाहेर ४० तास शिक्षण, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ३ दिवस प्रत्यक्ष काम. मुकादम आणि व्यवस्थापकांना आणखी ८ तास. दरवर्षी सगळ्यांना ८ तास उजळणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे झाल्याशिवाय कुणाला जागेवर काम करू द्यायचंच नाही.

त्या ४० तासांत काय असतं? रसायनं शरीरात कशी शिरतात. हवा मोजायची यंत्रं कशी वाचायची आणि ती कधी फसवतात. जागेचे तीन पट्टे कसे आखायचे: आतला दूषित, मधला धुण्यापुसण्याचा, बाहेरचा स्वच्छ. आत एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं. पोशाखाच्या चार पायऱ्या: डी म्हणजे साधे कामाचे कपडे, ए म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख आणि आत हवेची टाकी. तो घालण्यापेक्षा उतरवण्याचा सराव जास्त महत्त्वाचा, कारण बाहेर येताना हातमोजे, बूट चुकीच्या क्रमानं काढले की आतलं विष अंगाला लागतं. आणि सगळ्यांनी कायम ए घालायचा नाही. त्या बंद पोशाखात उष्माघातानंच माणूस आडवा होऊ शकतो. म्हणजे किती भ्यायचं हेही शिकावं लागतं!

हे शिकवण्यासाठी १९८७ पासून सरकारी अनुदान मिळू लागलं. ते कामगार संघटनांना आणि विद्यापीठांना मिळतं, त्यामुळे बऱ्याच वर्गांत कामगारच कामगाराला शिकवतो.

आणि खरेदीखत वाचणारा? तोही १९८६ च्या दुरुस्तीतून जन्मला. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून जबाबदारी टाळायची असेल, तर जमीन घेण्याआधी योग्य चौकशी केली होती हे दाखवावं लागू लागलं. १९९३ मध्ये या चौकशीची प्रमाण पद्धत छापली गेली. पहिल्या टप्प्यात मातीला हातही लावत नाहीत. जुने दस्त, आगविम्यासाठी काढलेले जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, जागेवर फेरफटका, जुन्या माणसांशी गप्पा, बस. ही चौकशी कोण करू शकतो हेसुद्धा नियमात आहे: उदाहरणार्थ, विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी असेल तर ५ वर्षांचा अनुभव, पदवी नसेल तर १०. तेव्हा कुठे ते वाचणं हे कुणाचं तरी काम झालं.

आता घरी येऊ. भोपाळच्या कारखान्यातला गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून झाला. बातम्या वाचून वाटलं असेल की संपलं. पण नागपूरच्या ‘नीरी’नं हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० मध्ये जो अहवाल दिला, त्यात दूषित मातीचा अंदाज होता सुमारे ११ लाख टन. ३३७ कुठे आणि ११ लाख कुठे!

जुलै २०२५ मध्ये आपल्याकडेही दूषित जागांचे स्वतंत्र नियम आले. आधार तोच १९८६ चा पर्यावरण कायदा, म्हणजे ३९ वर्षं लागली. असो, देर आए. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. कागद चांगला आहे. पण १९५३ चा कागदही वाईट नव्हता. पडीक जागेतला उग्र वास, विहिरीचं बदललेलं पाणी, गवत न उगवणारा तुकडा बघून ‘ही जागा यादीत घाला’ म्हणणारा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात तयार झाला, तरच या कागदाला अर्थ.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. ठाणे, मुलुंड, पिंपरी-चिंचवडला बंद कारखान्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि आपल्यापैकी कित्येकांचे हप्ते त्यांच्यावरच चालू आहेत. सातबाऱ्यावर मालक कळतो, पीक कळतं, बोजा कळतो. जमिनीत काय मुरलंय यासाठी रकाना नाही. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि क्लबहाउसबरोबर एवढंही विचारा: इथे आधी काय होतं? मातीची तपासणी झाली असेल तर अहवाल दाखवा. आपण तिथे राहायला जाण्याच्या तीन-चार वर्षं आधी त्या मातीत एक मजूर फावडं घेऊन उतरलेला असतो. त्याला ४० तास सोडा, ४ तास तरी कुणी बसवून शिकवलं होतं का, हेही विचारून बघा.