रोधकांचे अंक आणि रंग : एका संकेतव्यवस्थेचा इतिहास

१९३६ पूर्वीच्या अमेरिकन रेडिओसंचाचा आराखडा पाहिल्यास त्यात ५०,०००, २,५०,००० व ५,००,००० ओहम असे रोधक आढळतात. आज दुरुस्ती करणारा हे अंक घेऊन दुकानात गेला, तर त्याच्या हाती बहुधा ४७,०००, २,७०,००० व ४,७०,००० चे रोधक पडतात. सरळ अंकांची जागा ह्या आडनिड्या अंकांनी का घेतली, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. संकेतांच्या इतिहासाचाही आहे.

अंकांच्या गुणोत्तरश्रेणीची कल्पना फ्रेंच लष्करातील अभियंता शार्ल रनार याची. बलूनच्या दोरांचे नाना आकार त्याने १८७० च्या दशकात अशा श्रेणीने मोजक्या संख्येवर आणले. रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ह्या अमेरिकन संघटनेने १९३६ मध्ये रोधकांसाठी त्याच जातीची श्रेणी स्वीकारली आणि १९५२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली.

तथापि श्रेणीचे मर्म टॉलरन्समध्ये, म्हणजे मान्य तफावतीत आहे. कार्बनच्या मिश्रणाचे रोधक नेमक्या मूल्याचे उतरत नसत. ते मोजून त्यांची वर्गवारी करावी लागे. दहा टक्के तफावत धरल्यास १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ ह्या बारा पायऱ्या पुरतात. ३९ ची वरची मर्यादा ४२.९, तर ४७ ची खालची ४२.३, त्यामुळे मधला नग वाया जात नाही. १२ व १५ यांच्यामध्ये मात्र १३.२ ते १३.५ अशी बारीक फट राहतेच. काटेकोर गणिताने ३३ व ४७ ऐवजी ३२ व ४६ यावयास हवे होते. पण प्रमाणात ३३ व ४७ च टिकले. स्वनिमाप्रमाणे येथेही प्रत्येक अंक हे एका बिंदूचे नसून एका टप्प्याचे नाव आहे.

हे नाव रंगांत लिहिले जाते. काळा शून्य, तपकिरी एक. पुढे २ ते ७ पर्यंत इंद्रधनुष्याचा क्रम. शाळेत पाठ केलेल्या ‘तानापिहिनिपाजा’ मधील ‘पा’ गाळला की मराठी वाचकास तो आयताच मिळतो. त्यानंतर राखी आठ व पांढरा नऊ. तफावतीसाठी सोनेरी पट्टा पाच टक्के, चंदेरी दहा. आणि पट्टाच नसेल तर वीस. लोपालाही अर्थ देणाऱ्या पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्यास ह्यात नवल वाटू नये.

जुन्या संचांत मात्र वाचनाचा क्रमच निराळा आहे : अंगाचा रंग पहिला अंक, टोकाचा दुसरा, ठिपक्याचा पुढील शून्यांची संख्या. हिरवे अंग, काळे टोक, नारिंगी ठिपका म्हणजे ५०,०००. ठिपका अंगाच्याच रंगाचा असेल तर तो दिसतही नाही; सर्वांगी तांबडा रोधक म्हणजे २,२००.

ही लिपी न जाणता केलेली दुरुस्ती संचाच्या जिवावर बेतते, कारण निर्दोष भाग काढला जातो आणि सदोष राहतो. वीस टक्क्यांच्या २,५०,००० च्या रोधकाने २,९०,००० दाखविल्यास तो बिघडलेला नाही. ३,६०,००० दाखविल्यास बिघडला आहे. कार्बन मिश्रणाचे रोधक वयाने व दमटपणाने बहुधा वरच चढतात. संच बंद करून, धारित्रे रिकामी करून जागेवरच मोजताना आकडा कमी आल्यास समांतर मार्गाचा संशय घ्यावा व एक टोक सोडवून पुन्हा मोजावे. मर्यादेपेक्षा अधिक आल्यास रोधक बदलावा. तेथे २,७०,००० किंवा २,२०,००० चा चालतो.