कोंपाद्रे : बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जुळलेले सोयरेपण (थ्रेड)

मेक्सिकोतील एखाद्या खेड्यात दोन मित्र लहानपणापासून एकमेकांना ‘तू’ म्हणत असतात. (स्पॅनिशमधील हा ‘तू’ उच्चारानेही मराठी ‘तू’च.) पुढे एक जण दुसऱ्याच्या मुलाचा धर्मपिता होतो आणि त्या दिवसापासून दोघे परस्परांना आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणू लागतात. विसाव्या शतकातील मानववंशशास्त्रज्ञांनी ही रीत नोंदवून ठेवली आहे. मैत्री आटलेली नसते. तिला नात्याची प्रतिष्ठा आलेली असते. दोघे आता ‘कोंपाद्रे’ असतात.

‘पाद्रे’ म्हणजे बाप. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘पाद्री’ हा याच शब्दाचा भाऊबंद. ‘कोंपाद्रे’ म्हणजे सह-पिता. स्त्री असल्यास ‘कोमाद्रे’. मूल धर्मपित्याला ‘पाद्रिनो’ म्हणते, धर्ममातेला ‘माद्रिना’. ‘कोंपाद्रे’ ही हाक मात्र मुलासाठी नाहीच. ती जन्मदाता आणि धर्मपिता यांनी एकमेकांना मारायची.

‘व्याही’ हा शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन उमगावे. तिथेही नाते जुळते मुलांमुळे, पण निभावतात वडीलधारी माणसे. (व्याह्यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे : ‘कोन्सुएग्रो’.)

चर्चने हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच खरे मानले. इ.स. ५३० मध्ये सम्राट जस्टिनियनने धर्मपिता आणि त्याची धर्मकन्या यांच्या विवाहाला बंदी केली. पुढे निषिद्ध नात्यांचे वर्तुळ इतके फुगले की १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेला ते आवळावे लागले : एका मुलाला धर्मपालक एक, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री.

समुद्रापलीकडे मात्र उलटेच घडले. १५४५ आणि १५७६ च्या भीषण साथींनी मध्य मेक्सिकोतील मूळ रहिवाशांची घरेच्या घरे ओस पाडली. आप्तांची वीण उसवलेल्या त्या समाजात विधीने जोडलेले नातेवाईक मोलाचे ठरले. ही प्रथा बाप्तिस्म्यापुरतीही उरली नाही. आज मेक्सिकोत लग्नातील अंगठ्यांचा पाद्रिनो वेगळा असतो, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या केकचाही वेगळा. खर्च वाटला जातो आणि सोयरेही वाढतात.

सिडनी मिंट्झ आणि एरिक वुल्फ यांनी १९५० मध्ये या प्रथेवर लिहिलेला निबंध आजही वाचण्याजोगा आहे. बरोबरीच्या माणसांतील कोंपाद्रेपण ‘आडवे’, तर गरीब आणि धनिक यांच्यातील ‘उभे’, अशी मांडणी त्यांनी केली. भूमिहीन मजूर जमीनदाराला धर्मपिता होण्याची गळ घालतो. त्याला अडीनडीला आधार मिळतो. जमीनदाराला खात्रीचे हात मिळतात. गोडवा होता, पण समता नव्हती : आपल्या मुलासाठी जमीनदार सहसा मजुराकडे जात नसे.

या नात्याचे खरे वजन दिसते ते पोर्तुगीज ब्राझीलमध्ये. बहिया प्रांतातील अठराव्या शतकातील बाप्तिस्म्याच्या नोंदी स्टीफन गुडमन आणि स्टुअर्ट श्वार्ट्झ यांनी तपासल्या. गुलामांच्या मुलांना धर्मपिते होते, कुणी स्वतंत्र, कुणी स्वतः गुलाम. पण मालक आपल्याच गुलामाचा धर्मपिता झालेला आढळेना. वेदीसमोर ज्याला आत्मिक आप्त मानायचे, त्यालाच चाबकाने फोडायचे आणि बाजारात विकायचे कसे? मालकांनी पेच सोडवला तो नाते टाळून, गुलामी टाळून नव्हे.

शब्द मात्र देवळाबाहेर केव्हाच पडले होते. ‘कोमाद्रे’पासून सुईणीला ‘कोमाद्रोना’ म्हटले गेले, तिच्याच नावावरून चहाड्या करण्यालाही क्रियापद निघाले. (पुरुषांच्या चहाड्यांचे बिल बायकांच्या नावावर, हे सर्वत्र सारखेच.) आपसांत संगनमत करून एकमेकांचे घोडे पुढे दामटण्याला ‘कोंपाद्राहे’ हे नाव पडले. मेक्सिकोत ‘कोंपाद्रे’चा ‘कोंपा’ होऊन तो जिवलग मित्र झाला. तिथे त्याच्या शेजारी ‘क्वाते’ हा नाहुआतल भाषेतील शब्दही नांदतो. त्याचा मूळ अर्थ जुळा भाऊ.

स्पॅनिश सत्तेबरोबर हा शब्द फिलिपिन्सलाही पोहोचला. तिथे त्याचा ‘कुम्पारे’ झाला, मग नुसता ‘पारे’. आज मनिलाच्या रस्त्यावर कधी न पाहिलेल्या माणसालाही ‘पारे’ अशी हाक ऐकू येते.