गावठाणासाठी सरकारी जमीन : कायदा काय सांगतो?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथील कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. अशा गावाच्या पुनर्वसनात पहिला प्रश्न असतो तो सुरक्षित जमिनीचा.

सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मात्र ती जमीन कोणाच्याही कायदेशीर भोगवट्यात नसावी लागते. गावठाण, गुरचरण, स्मशानभूमी, खळे, बाजार, रस्ते ही प्रयोजने कलमातच नमूद आहेत. एकदा नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना अन्य कामासाठी वापरता येत नाही. गायरानाबाबत दक्षता अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग निकालानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानांच्या संरक्षणासाठी निर्णय काढला.

खासगी जमिनीस कलम २२ लागू होत नाही. ती खरेदी करावी लागते किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादित करावी लागते. त्यात वेळ जातो. कलम २२ मात्र आपत्तीची वाट पाहावयास सांगत नाही. योग्य सरकारी जमीन उपलब्ध असल्यास डोंगरउतारावरील वाड्यांसाठी ती दरड कोसळण्यापूर्वीच राखून ठेवता येते.