पदराआडचे हसू

भाऊबीज सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेले असते, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात, आणि गावोगाव रात्रभर दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक चालते. ह्या रात्रींत माणसे जे हसून घेतात, त्यातले थोडेफार चारचौघांत सांगता येण्याजोगे नसते. आज त्याच हसण्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. दिवाळी अंक घरात सर्वांच्या हाती पडतो, हे ध्यानात ठेवूनच लिहितो. वाचकांनी निर्धास्त असावे.

खडी गंमत काय नि दंडार काय, जुना खेळ सारा पुरुषांचा. लुगडे नेसून नाचणारा नाच्या हा गावातलाच कुणाचा तरी मुलगा. शाहिराने त्याला आडवा प्रश्न घालावा, आणि नाच्याने त्याहून आडवे उत्तर देऊन शाहिराचीच बोलती बंद करावी. पुढे फाऱ्यांवर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. तिकडे मुंबई सरकारने १९४०च्या दशकाच्या अखेरीस तमाशावर अश्लीलतेपायी बंदी घातली, आणि पुढे दत्तो वामन पोतदारांच्या समितीने त्याला सोवळे नेसवण्याचा खटाटोप केला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. आम्ही मुंबई राज्यात आलो ते १९५६ साली. तेव्हा आमच्या नाच्याला तो हुकूम लागू होण्याचे कारणच नव्हते.

मग आले दादा कोंडके. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि १९७१च्या ‘सोंगाड्या’ने ते घराघरांत पोहोचवले. गुडघ्यापर्यंतची चड्डी, लोंबणारी नाडी आणि आईच्या धाकातला भोळा नाम्या. ह्या विनोदाची सगळी किल्ली त्या भोळेपणात होती. बोलणाऱ्याच्या मनात काही नाही. जे काही आहे ते ऐकणाऱ्याच्या मनात! चित्रपट सेन्सॉरपुढे अडला की दादा हाच बचाव मांडीत, आणि तो खोडणे कठीण होते. कारण हसलेल्या माणसाला मला दुसरा अर्थ कळलाच नाही असे म्हणता येत नाही.

पण यशाला चटक असते. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८), ‘आली अंगावर’ (१९८२), हिंदीत ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६): आता नावच विनोद झाले. दादा पन्नाशीला आले, चड्डी तीच राहिली. मात्र भोळेपणा झिजला. ‘सोंगाड्या’त उषा चव्हाणांची कलावती नाम्याला हसत होती, खेळवत होती. पुढच्या चित्रपटांत बाई बहुधा विनोदाचे निमित्त होऊन उभी राहिली. नाच्याजवळ जे होते ते तिच्याजवळ उरले नाही: उत्तर.

गंमत अशी की, नेमक्या त्याच वर्षांत सातासमुद्रापलीकडेही हाच प्रकार जोरात होता. ‘पोर्कीज’मध्ये शाळकरी पोरे भिंतीच्या भोकातून मुलींचे न्हाणीघर पाहतात. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मध्ये (१९८४) नायक मुखवटा घालून एका मुलीला फसवतो, आणि चित्रपट त्याला विजय समजतो, आज ते दृश्य पाहताना हसू घशातच अडकते. ‘फास्ट टाइम्स’ (१९८२) तेवढा निराळा. तो एमी हेकरलिंग ह्या बाईने दिग्दर्शित केला होता. त्यातल्या मुलीच्या वाट्याला आलेल्या निराशेकडे कॅमेरा तिच्या बाजूने पाहतो.

मी तेव्हा शाळेत होतो. बाजाराच्या वाटेवर भिंतीला चित्रपटाचे पोस्टर लागले होते. आजीला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, “काहून रे बाबू, काय लिवलं हाये?” मी मान खाली घातली. आजीने माझ्या लाल झालेल्या कानांकडे पाहिले आणि ती पदराआड खुदकन हसली. जन्मभर दंडार पाहिलेली बाई ती. न वाचताच वाचली.

त्याच आठवड्यात तंबूतल्या सिनेमाला मी चोरून गेलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. मध्यंतरात दिवे लागले, तो दोन ओळी पुढे आमचे एक गुरुजी! त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले, आणि दोघांनीही एकाच क्षणी तंबूच्या छताकडे पाहिले. त्या गुपिताचा आनंद मला आजही नाकारता येत नाही. नाकारला तर ते ढोंग होईल.

परंतु आनंदाचा हिशेब तेथेच संपला नाही. दुसऱ्या दिवशी त्या चित्रपटातली वाक्ये आम्ही पोरांनी वर्गातल्या एका मुलीला ऐकवली. एकदा नव्हे, आठवडाभर. सगळे हसले, मीही हसलो. तिच्याजवळ उत्तर नव्हते. असते तरी देण्याची सोय नव्हती, कारण उत्तर देणारी मुलगीच गावात बदनाम झाली असती. पुढे ती तळ्याच्या लांबच्या वाटेने शाळेत येऊ लागली. का, हे कोणी विचारले नाही. मला ठाऊक होते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आज बायकांची कामे बायकाच करतात. परशुराम खुणे ह्यांच्यासारखा, विनोदी भूमिका गाजवणारा आणि ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून ओळखला जाणारा कलावंत २०२३ साली पद्मश्रीचा मानकरी झाला. मंडईच्या नाटकांत चावटपणा आजही आहे, आणि कधीकधी तो नको तितका असतो. पण मागल्या मंडईत एक प्रसंग पाहिला. विनोदी नटाने नटीला दुअर्थी प्रश्न टाकला. ती क्षणभर थांबली, कमरेवर हात ठेवले, आणि असे काही बोलली की नटाला विंगेत पळावे लागले. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मी मुद्दाम पुढे बसलेल्या बायकांकडे पाहिले. साऱ्या तोंड उघडून हसत होत्या. पदर लावलेली एकही दिसली नाही.