पंप कुणाला बसवायचा?

गटाच्या बैठकीत कर्ज आधी कुणाला द्यायचं, यावर आपण किती बोलतो! गरज बघतो, फेडायची ताकदही बघतो. हृदयाला मदत करणाऱ्या पंपाबाबत डॉक्टरांपुढेही असाच प्रश्न आला. त्याची गोष्ट आज सांगतो.

ऑगस्ट १९६६. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात डॉ. मायकेल डिबेकी यांनी मेक्सिकोहून आलेल्या ३७ वर्षांच्या बाईंच्या हृदयाच्या झडपा बदलल्या. ऑपरेशननंतर हृदयाला काम पेलेना, म्हणून पंप जोडला. दहा दिवसांत हृदय सावरलं, पंप काढला, बाई बऱ्या होऊन घरी गेल्या.

पुढे पोटात बसवायचे पंप आले. हृदय बदलणं शक्य नसलेल्या १२९ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल २००१ साली आला. नुसत्या औषधांवर वर्षभरानंतर शंभरातले २५ जगले, पंपावर ५२.

पण तो पंप किलोहून जड. लहान चणीच्या शरीरात तो मावत नसे, त्यामुळे ठरलेल्या मापापेक्षा अंगानं लहान असलेल्यांची नावं वगळली जात. त्यात बायका जास्त. ‘बाई नको’ असं नियमात कुठं नव्हतं, पण यंत्राच्या मापानं तेच झालं. २००८ साली अमेरिकेत पाव किलोच्या आसपासच्या छोट्या पंपाला मान्यता मिळाली, तेव्हा अशा बायकांचाही विचार होऊ लागला.

आजही निवड करताना बरंच तपासतात. पंप हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करतो, म्हणून उजवी बाजू धड हवी. मूत्रपिंड, यकृत कसं आहे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतील का? पोटातून बाहेर येणाऱ्या वायरची जखम रोज स्वच्छ ठेवायला घरात कुणी आहे का? बॅटऱ्या चार्ज करायला वीज आहे का? म्हणजे घरचीही परीक्षाच.

आणखी एक धडा. २००६ पासून अमेरिकेत अशा रुग्णांची नोंदवही ठेवली गेली, आजाराच्या सात पायऱ्या ठरल्या. अगदी शेवटच्या घटकेला पंप बसवलेल्यांचे हाल जास्त झाले. म्हणून डॉक्टर आता आधीच्या पायरीवर निर्णय घेऊ बघतात.

बायकांनो, आपण सगळ्यांचं करतो आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढतो. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, आडवं झालं की श्वास कोंडतो, तर वेळेत दवाखाना गाठा. बहुतेकींचं औषधांवरच भागेल. पण उशीर झाला, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.