"दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू" : एका वैद्यकीय वाक्याचा इतिहास

१/ सहाव्या-सातव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी. पडद्यावर सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची द्रवाने भरलेली पिशवी दिसते. हृदयाचे ठोके मात्र दिसत नाहीत. डॉक्टर सांगतात, "दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू." ऐकणाऱ्या स्त्रीला हे उत्तर टाळाटाळीचे वाटू शकते. वस्तुतः त्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग चुकांचा आहे. #थ्रेड

२/ पूर्वी दिवस गेल्याची शंका पाळी चुकल्यावर येई. खात्री मात्र साधारण पाचव्या महिन्यात, पोटात हालचाल जाणवल्यावर होई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी उंदरांवर करावयाची मूत्रचाचणी शोधली. गर्भ राहिला आहे की नाही, हे तिच्यामुळे लवकर कळू लागले. तो वाढतो आहे की नाही, हे मात्र कळत नव्हते.

३/ तो पडदा ग्लासगोत दूर झाला. प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांना महायुद्धातील हवाई दलाच्या सेवेमुळे रडारची ओळख होती. १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन ते बॉयलरच्या एका कारखान्यात गेले आणि धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राखाली त्यांनी त्या तपासल्या. १९५८ मध्ये जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

४/ पुढचे पाऊल त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी टाकले. १९७२ मध्ये त्यांनी पहिल्या तिमाहीतच गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपण्याची पद्धत मांडली. १९७३ मध्ये गर्भाची शिरापासून नितंबापर्यंतची लांबी मोजून अवघ्या काही दिवसांच्या फरकाने त्याचे वय सांगता येते, हे दाखवले. १९८०च्या दशकात योनीमार्गातून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीने ही नजर आणखी मागे, पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत नेली.

५/ इथेच नवी अडचण उभी राहिली. आठवडे मोजले जातात शेवटच्या पाळीपासून, स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडले असे गृहीत धरून. ते आठवडाभर उशिरा आले असेल, तर सातव्या आठवड्याचा म्हटलेला गर्भ खरोखर सहाव्याच आठवड्याचा असतो. पडद्यावर मात्र खुंटलेला गर्भ आणि लहान पण निरोगी गर्भ काही दिवस सारखेच दिसू शकतात.

६/ मग रेषा कुठे आखायची? ब्रिटनमध्ये २००६ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार २० मिलिमीटरची सॅक रिकामी असेल, किंवा ६ मिलिमीटरच्या गर्भात ठोके नसतील, तर गर्भ टिकला नाही असे मानले जाई. अमेरिकेत १६ आणि ५ मिलिमीटर हे आकडे प्रचलित होते. समुद्र ओलांडला की निदान बदलू शकत होते.

७/ २०१० मध्ये आयर्लंडमधील एका स्त्रीचे प्रकरण उजेडात आले. गर्भ गेला असे सांगून तिला औषधे लिहून दिली होती. तिने ती न घेता दुसरीकडे तपासणी केली, ठोके होते. पुढे मूल सुखरूप जन्मले. राष्ट्रीय पातळीवर चौकशी झाली, तेव्हा अशी आणखी प्रकरणे आढळली.

८/ २०११ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे टॉम बोर्न आणि सहकाऱ्यांनी निदान अनिश्चित असलेल्या १,०६० स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. २० मिलिमीटरची मर्यादा लावली असता चुकीच्या निदानाचे प्रमाण ०.५ टक्के निघाले. शिवाय एका तपासनीसाने २० मिलिमीटर मोजलेली सॅक दुसऱ्याच्या हाती सुमारे १७ ते २४ भरू शकते, हेही दिसले.

९/ दोनशेत एक हे प्रमाण आकड्यात लहान वाटते. पण त्यावर विसंबून क्युरेटिंग झाले, तर चूक कधीच उघडकीस येत नाही. कारण तिचा पुरावाच उरत नाही. त्याच वर्षी ब्रिटनने मर्यादा २५ आणि ७ मिलिमीटरवर नेल्या. २०१३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञगटानेही हेच आकडे स्वीकारले. सॅकमध्ये पीतक पिशवीही दिसत नसेल, तर निर्णायक निदानापूर्वी किमान दोन आठवड्यांचे अंतर त्यांनी आवश्यक मानले.

१०/ ही प्रतीक्षा चांगल्या बातमीचे आश्वासन नाही. यातील अनेक गर्भ टिकत नाहीत आणि थांबल्याने निकाल बदलत नाही. मात्र स्त्रीची प्रकृती स्थिर असेल, तर थांबल्याने सहसा धोका वाढत नाही. घाईने केलेली चूक मात्र दुरुस्त होत नाही. डॉक्टरला लगेच उत्तर न देण्याची मुभा या नियमांनी दिली. त्या चौदा दिवसांचा भार मात्र स्त्रीवरच राहिला. तो हलका करणारे मोजमाप अजून कोणत्याही यंत्राकडे नाही. म्हणून "पुन्हा पाहू" या वाक्याला कारणाची जोड हवी: का थांबायचे, किती दिवस आणि कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यायचे.

(समाप्त)