बॅटरीतील दोष आणि विद्युत मोटारींचे ‘रिकॉल’

विकलेल्या वाहनात सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास उत्पादक ते परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करतो. या प्रक्रियेस ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेतील शेव्हरोले बोल्ट हे विद्युत मोटारींबाबतचे त्याचे ठळक उदाहरण होय.

आगीच्या घटनांनंतर जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६९ हजार बोल्ट मोटारी परत बोलावल्या. सॉफ्टवेअर बदलूनही आगी लागल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वच, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार, मोटारी रिकॉलच्या कक्षेत आल्या. एलजी कंपनीच्या काही सेलमध्ये ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि विभाजक पडदा दुमडलेला, असे दोन दोष एकत्र आढळले होते. दुरुस्ती होईपर्यंत चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवावे, रात्रभर घरात चार्जिंग करू नये आणि चार्जिंगनंतर मोटार बाहेर उभी करावी, अशा सूचना मालकांना देण्यात आल्या.

भारतात ह्युंदाईने डिसेंबर २०२० मध्ये ४५६ कोना मोटारी बॅटरी तपासणीसाठी बोलावल्या. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहनांच्या रिकॉलचा आदेश देऊ शकते. याबाबतचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

जुनी विद्युत मोटार घेताना चेसिस क्रमांकावरून रिकॉलची दुरुस्ती पूर्ण झाल्याची खात्री अधिकृत सेवा केंद्रातून करून घेणे हिताचे ठरते.